कामगाराची नुकसानभरपाई : देणे की देणगी?

साखर कारखान्यातील एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. पाळी तीन वाजता सुरू व्हावयाची होती. कारखाना पाचेक किलोमीटर उरला असता वाटेतच अपघात होऊन तो मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि वृद्ध आई असा परिवार राहिला. उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये या कुटुंबास ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि त्यावर दरसाल बारा टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. कामावर जाताना रस्त्यात झालेला अपघात हा नोकरीच्या ओघात झालेला अपघात नव्हे, अशा भूमिकेतून २०११ मध्ये उच्च न्यायालयाने हा निवाडा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो पुन्हा कायम केला. अपघाताच्या वर्षी जन्मलेले मूल एवढ्या काळात पदवीधर होऊन नोकरीसाठी अर्ज करू लागते.

या प्रकरणाकडे केवळ न्यायालयीन दिरंगाईचे आणखी एक उदाहरण म्हणून पाहणे सोपे आहे, परंतु ते अपुरे ठरेल. या कुटुंबाची बाजू तशी भक्कम होती. मृत माणूस नोकरीत होता हे कोणी नाकारले नव्हते, पाळीची वेळ ठरलेली होती आणि मालकाने विमाही उतरविला होता. एवढे सगळे असूनही जेथे बावीस वर्षे लागतात, तेथे ज्याचे नाव हजेरीपत्रकावरच नाही अशा कामगाराने कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचे, हा खरा प्रश्न आहे. आणि अशा कामगारांची संख्या आज थोडीथोडकी नाही.

भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूर येथील छोट्या प्रेसशॉपमध्ये पत्रा कापण्याच्या यंत्राखाली बोट सापडले की काय घडते, हे त्या वस्त्यांतून हिंडणाऱ्या कोणालाही सांगता येईल. सुपरवायझर जखमी पोराला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो. केसपेपरवर दुखापत कशी झाली ते लिहावयाचे असते, आणि अनेकदा ते सुपरवायझरच सांगतो. ‘घरी पडला’, ‘गाडीवरून घसरला’. पुढच्या साऱ्या दाव्याचे भवितव्य त्या एका ओळीत ठरून जाते. बिल मालक भरतो, हातावर काही हजार रुपये ठेवतो आणि ‘बरा झालास की ये’ म्हणतो. पोरगा गावी जातो. दोन महिन्यांनी परत येतो तो यंत्रावर दुसरा कोणी उभा असतो. गावात मात्र बोलले जाते की मालक भला माणूस होता, त्याने औषधपाणी केले आणि वर पैसेही दिले.

या भलेपणाच्या बोलण्यातच सगळी गफलत आहे. मालकाने जे दिले ते त्याच्या खिशातले दान नव्हते. ते एका मोठ्या कर्जापोटी दिलेले तुटपुंजे हप्ते होते, आणि उरलेले कर्ज बुडविले गेले. अपघाताची नुकसानभरपाई हे मालकाचे देणे आहे. ते अपघात होताक्षणी जन्माला येते, दयेवर अवलंबून नसते, आणि बहुतांशी चूक कोणाची यावरही अवलंबून नसते. कायद्याने हे शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलेले आहे. समाजाने अद्याप केलेले नाही.

ही मागणी आपल्याकडे कोणी पश्चिमेकडून आणून दिलेली नव्हे, याचीही आठवण ठेवावयास हवी. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचा एक अर्ज सरकारदरबारी सादर केला. रविवारची सुटी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती या त्यातील मागण्या शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. गिरणीत काम करताना ज्यास गंभीर दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. रविवारची सुटी सहा वर्षांत, १८९० मध्ये, मिळाली. दुखापतीच्या भरपाईला मात्र चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ रोजी अमलात आला.

तत्पूर्वी जखमी कामगाराला दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. इंग्रजी कायद्याने मालकाच्या हाती बचावाची तीन भरभक्कम हत्यारे दिलेली होती. कामगाराने धोका जाणूनबुजून पत्करला, त्याने स्वतःही निष्काळजीपणा केला, किंवा चूक त्याच्याच एखाद्या सहकाऱ्याची होती, यांपैकी एक सिद्ध झाले की दावा संपला. जर्मनीने १८८४ मध्ये आणि इंग्लंडने १८९७ मध्ये ही वाट सोडली. चूक कोणाची हा वादच बाजूला ठेवावयाचा, मालकाने ठराविक भरपाई द्यावयाची आणि कामगारानेही त्याहून अधिक मागावयाचे नाही, असा तो सौदा होता. १९२३ चा भारतीय कायदा याच सौद्यावर उभा राहिला. नशेत असणे, सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडणे किंवा यंत्राचे रक्षककवच जाणूनबुजून काढणे असे मोजके अपवाद त्याने ठेवले, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही अपवाद चालत नाहीत. तेव्हा ‘त्याचे लक्ष नव्हते, म्हणून बोट गेले’ हे कारखान्यात हमखास ऐकू येणारे वाक्य कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. आठ-दहा तास एकाच हालचालीत हात पुढेमागे करणाऱ्या माणसाचे लक्ष केव्हातरी विचलित होणारच, हे गृहीत धरूनच कायदा लिहिलेला आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ॲडम स्मिथ आठवेल. कष्टाच्या, घाणीच्या आणि धोक्याच्या कामाला बाजार आपोआप अधिक मजुरी देतो, असे त्याने १७७६ मध्ये मांडले आणि न्यूकॅसलच्या कोळसा खाणकामगारांचा दाखला दिला. पाठ्यपुस्तकात हा युक्तिवाद फार देखणा दिसतो. धोक्याची किंमत पगारातच मिळालेली असेल तर वेगळी भरपाई कशासाठी? परंतु त्यासाठी कामगाराला धोका ठाऊक असावा लागतो आणि नकार देण्याची सोय असावी लागते. लातूर किंवा बिहारमधून आलेल्या, ओळखीच्या माणसाच्या खोलीवर पथारी टाकलेल्या वीस वर्षांच्या मुलाला त्या विशिष्ट यंत्राचे कवच कधी काढून ठेवले हे कोण सांगणार? आणि सांगितले तरी फाटकाबाहेर आणखी दहाजण उभे असताना तो काय करणार? के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर जो ग्रंथ लिहिला, त्यात कामगारांच्या दुखापतींना स्वतंत्र स्थान दिले, ते याच कारणाने. जो खर्च उत्पादनाच्या हिशेबात धरला जात नाही तो नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी घरी जाऊन पडतो. बोट गमावलेल्या मुलाची कमाई घटते, बहिणीचे शिक्षण थांबते, बापाला सावकाराकडे जावे लागते, आणि मोटारीचा सुटा भाग मात्र काही पैशांनी स्वस्त मिळतो. हे त्या कुटुंबाने उद्योगाला दिलेले अनुदानच आहे. सरकारी अनुदानावर इतके लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञांना ते दिसत नाही, ही नवलाची गोष्ट आहे.

हे देणे केवढे असते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १९२३ च्या कायद्यात अवयवांची एक कोष्टकवजा अनुसूची होती. अंगठा गेल्यास कमावण्याची शक्ती ३० टक्के घटली असे मानावयाचे, संपूर्ण तर्जनीला १४ टक्के, तर्जनीची दोन पेरे गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९. कायम पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. पंचविसाव्या वर्षी हा गुणक २१६.९१ आहे. महिना पंधरा हजार मिळविणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कामगाराची तर्जनी गेली तर नऊ हजार गुणिले २१६.९१, आणि त्याचे १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ७३ हजार रुपये. अंगठा गेला तर हीच रक्कम पाच लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरात जाते. ‘औषधपाणी करून वर दहा हजार दिले’ या भलेपणाची किंमत या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी.

या कोष्टकाला माणसाचा धंदा मात्र दिसत नाही. तर्जनी फिटरची गेली काय आणि पहारेकऱ्याची गेली काय, टक्के चौदाच. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरमध्ये दिलेला एक निर्णय या दृष्टीने फार मोलाचा आहे. चित्रपटगृहात काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची शक्ती शंभर टक्के गेली असे आयुक्तांनी ठरविले होते, आणि न्यायालयाने ते उचलून धरले. मोजावयाचे ते शरीर किती उरले हे नव्हे, त्या शरीराने भाकरी किती मिळविता येईल हे. याच निकालाने दुसरीही एक गोष्ट निःसंदिग्ध केली. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी. आयुक्तांनी निवाडा देईपर्यंत मालकाला थांबून राहता येत नाही. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. पहारेकऱ्याच्या प्रकरणात साध्या व्याजाने बावीस वर्षांचा हिशेब केला तर व्याजच साडेआठ लाखांच्या पुढे जाते. मुद्दलाच्या अडीचपटीहून अधिक व्याज होईपर्यंत लढत राहणे विमा कंपनीला परवडते, याचा अर्थ बहुतेक दावेदार मध्येच थकून जातात हे तिला अनुभवाने ठाऊक असावे.

वेतनाच्या कमाल मर्यादेची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावी. कामगाराचा पगार कितीही असला तरी भरपाईसाठी तो ठराविक मर्यादेपर्यंतच धरावयाचा. ही मर्यादा २००० मध्ये चार हजार झाली, २०१० मध्ये आठ हजार आणि जानेवारी २०२० मध्ये पंधरा हजार. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. कामगाराच्या हातापायाची किंमत दहा वर्षांतून एकदा. दुसरीकडे कामगार राज्य विमा योजनेसाठी वेतनमर्यादा २०१७ पासून एकवीस हजार ठरविली गेली. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती उद्भवली. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला कामगार विमा योजनेत येतो आणि त्याचे लाभ खऱ्या पगारावर मोजले जातात. बावीस हजारांचा कामगार योजनेबाहेर पडतो, आणि भरपाईच्या कायद्यात त्याचा पगार पंधराच हजार धरला जातो. बढती मिळाली म्हणून बोट स्वस्त झाले!

विमा योजनेचा मार्ग कामगाराच्या दृष्टीने निःसंशय अधिक चांगला आहे. १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांनी जो अहवाल दिला त्यातून १९४८ चा कायदा आला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. अडारकर मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जखमी माणसाने मालकाशी भांडण्यापेक्षा सर्वांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीकडे जावे, हा या योजनेचा गाभा. पंधरा हजार पगार आणि चौदा टक्के अपंगत्व या वरच्याच उदाहरणात या योजनेतून महिना सुमारे अठराशे नव्वद रुपये तहहयात मिळतात. एकरकमी २ लाख ७३ हजार सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला सोळाशेही हाती येत नाहीत, आणि एकरकमी पैसा लग्नकार्यात किंवा कर्जफेडीत जातो हे वेगळे सांगावयास नको. मेख अशी की दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने मुळात नावे नोंदविली पाहिजेत. मोटार उद्योगातील जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या अहवालांत पुन्हापुन्हा आढळणारी गोष्ट हीच, की अनेकांच्या हाती विम्याचे कार्ड पडले ते अपघातानंतर. घराला आग लागल्यावर विम्याचा अर्ज भरण्यातला हा प्रकार.

कंत्राटदार मध्ये असला की देणे टळते असा एक समज कारखानदारांत आणि दुर्दैवाने कामगारांतही आहे. १९२३ च्या कायद्याने पहिल्यापासूनच मूळ मालकाला जबाबदार धरले होते. त्याने भरपाई द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. ‘माझी काही तक्रार नाही’ असे कागदावर लिहून घेऊन हक्क सोडविता येत नाही. तसा करार त्या कायद्याने निरर्थक ठरविला होता. मृत्यूच्या प्रकरणात विधवेच्या हाती परस्पर पैसे देऊन भागत नसे, रक्कम आयुक्तांकडेच भरावी लागे. शिकाऊ उमेदवारही यातून सुटत नाहीत. १९६१ च्या कायद्याने त्यांच्या दुखापतीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, आणि आयटीआयच्या मुलांना कारखान्यांत पाठविणाऱ्या शिक्षकांनी हे एक कलम वर्गात वाचून दाखविण्यासारखे आहे.

लहान कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. मोठ्या कंपनीने ठरवून दिलेल्या भावात सुटे भाग पुरविणाऱ्या आठ-दहा माणसांच्या शेडचा मालक स्वतःच कर्जात असतो. पाच-सहा लाखांची भरपाई त्याला खरोखरच बुडवू शकते. परंतु विमा ही कल्पना जन्माला आली ती यासाठीच. अपघात एका माणसाच्या बाबतीत अनपेक्षित असतो, हजार यंत्रांच्या बाबतीत तो पुष्कळसा अपेक्षित असतो. असे असूनही १९२३ च्या केंद्रीय कायद्याने मालकावर दायित्व टाकले, त्या दायित्वाचा विमा मात्र सक्तीचा केला नाही. आपल्या देशात रस्त्यावर स्कूटर आणावयाची तर तिऱ्हाइताच्या इजेचा विमा काढल्याखेरीज आणता येत नाही. पत्रा कापणारा शंभर टनी प्रेस मात्र विम्याशिवाय चालविता येत आला. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावाचून सुरूच न होणारी यंत्रे उपलब्ध आहेत. ती बसविणाऱ्याला हप्ता कमी आणि न बसविणाऱ्याला अधिक, एवढे केले तरी निरीक्षकांच्या फेऱ्यांनी जे साधले नाही त्यातील बरेच साधेल. आणि सुट्या भागांचे भाव ठरविणाऱ्या मोठ्या कंपनीने हा हप्ता भावात धरला पाहिजे, कारण अखेर गाडी तिची विकली जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९२३ व १९४८ चे हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. भरपाईची मूळ चौकट फारशी बदललेली नाही. घर ते कारखाना या वाटेवरील अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दाखविता आल्यास, संहितेने स्पष्टपणे भरपाईस पात्र ठरविला आहे. पहारेकऱ्याच्या कुटुंबाला ज्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले ते आता कायद्याच्या मजकुरातच आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र संबंध ‘दाखविण्याचा’ भार अजूनही बहुधा कागदावरच पडणार.

आणि कागद लिहिणारे हात कारकुनाचे असतात. हजेरीपत्रकात नाव चढविणे, पगाराची पावती देणे, अपघाताच्या नोंदवहीत खरी वेळ लिहिणे ही टेबलावरची क्षुल्लक वाटणारी कामे आहेत. दाव्याच्या दिवशी त्यांच्याइतके मोल कशालाच नसते. योगायोग असा की २००९ च्या दुरुस्तीपर्यंत या कायद्याच्या यादीतून अनेक ठिकाणी कारकुनी काम करणाऱ्यांनाच वगळलेले होते. त्या दुरुस्तीने ते शब्द गेले, आणि टाइमकीपरच्या खिडकीआड बसणाराही यंत्रावरच्या माणसाइतकाच हक्कदार झाला.

२०१७ मध्ये या कायद्यात आणखी एक कलम घालण्यात आले. नोकरीवर घेतानाच प्रत्येक कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्कांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही द्यावयाची, ती त्याला समजेल अशा रीतीने इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत. न दिल्यास पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दंड. चाकणच्या फाटकावर ओडिशाहून आलेल्या मजुराला या तीन भाषांपैकी एकही वाचता येत नसेल, तर त्याला ती कोणी वाचून दाखवावयाची हे त्या कलमात लिहिलेले नाही.